जुन्या श्रवणयंत्रांचे पुनर्वितरण : उसनवारी, दान आणि सेवा यांचा ऐतिहासिक मागोवा

सारांश

श्रवणयंत्र वापरणारी व्यक्ती दिवंगत झाली किंवा तिने नवे यंत्र घेतले, की जुने यंत्र घरातच पडून राहते. ते एखाद्या गरजूला द्यावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. मात्र दिलेले यंत्र दुसऱ्या कानाच्या उपयोगी पडण्यासाठी कोणती व्यवस्था लागते, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात ब्रिटन, अमेरिका आणि भारत या तीन देशांतील अनुभवांच्या आधारे श्रवणयंत्रांच्या पुनर्वापराचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. यंत्र जसजसे एकेका कानासाठी सूक्ष्मपणे घडू लागले, तसतसे ते दुसऱ्यास देणे अवघड होत गेले. म्हणून आज यंत्राच्या दानाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, यंत्रामागील सेवेची तरतूद महत्त्वाची ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : श्रवणयंत्र, पुनर्वापर, दान, कानाचा साचा, ई-कचरा, पुनर्वसन.

प्रस्तावना

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या श्रवणविषयक जागतिक अहवालानुसार जगातील सुमारे १५० कोटी लोकांना कमी-अधिक श्रवणदोष असून, त्यांपैकी सुमारे ४३ कोटी लोकांना पुनर्वसन सेवेची गरज आहे. श्रवणयंत्राचा ज्यांना लाभ होऊ शकेल, त्यांपैकी केवळ १७ टक्के लोकच प्रत्यक्षात ते वापरतात, असेही या अहवालात नमूद आहे. भारताच्या २०११ च्या जनगणनेत श्रवणविषयक अपंगत्व असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांहून अधिक नोंदली गेली. एकीकडे ही गरज आणि दुसरीकडे कपाटाच्या खणात पडून असलेली यंत्रे, असे विसंगत चित्र दिसते. या दोन टोकांना जोडणारा दुवा म्हणून जुन्या यंत्रांच्या संकलनाची कल्पना पुढे आली.

चष्मा, कुबडी किंवा चाकांची खुर्ची यांच्या दानाचा इतिहास तुलनेने सरळ आहे. श्रवणयंत्राचे तसे नाही. ते विद्युत उपकरण आहे, शरीराच्या पोकळीत बसणारी वस्तू आहे आणि विशिष्ट श्रवणदोषाशी जुळवलेले साधनही आहे. या तिन्ही अंगांचा इतिहास पाहिल्याखेरीज त्याच्या दानाचे मर्म कळत नाही. त्यासाठी येथे ऐतिहासिक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. सिंहासनापासून खिशापर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये फ्रेडरिक राइन यांनी ऐकण्याच्या नळ्या व कर्णे तयार करण्याचा व्यवसाय सुरू केला. त्यांच्या पेढीने १८१९ मध्ये पोर्तुगालचा राजा सहावा जॉन याच्यासाठी एक सिंहासन तयार केले. गोवा त्या काळी याच राजाच्या अंमलाखाली होता. सिंहासनाच्या हातांवर उघड्या जबड्यांचे सिंह कोरलेले होते. दरबाऱ्याने गुडघे टेकून त्या जबड्यात बोलावे आणि आवाज नळीवाटे राजाच्या कानापर्यंत पोहोचावा, अशी ही रचना होती. हे साधन एका व्यक्तीसाठी आणि एका स्थानासाठी घडवलेले होते. याउलट साधा कर्णा कोणाच्याही कानाला लावता येत असे आणि घरातल्या घरात तो एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे सहज जाऊ शकत असे. श्रवणसाधन व्यक्तिगत असावे की सर्वांच्या उपयोगी पडणारे, या पुढे सतत भेटणाऱ्या प्रश्नाची ही दोन आरंभीची रूपे म्हणता येतील.

१८७६ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना दूरध्वनीचे पेटंट मिळाले आणि त्याच तत्त्वावर विद्युत श्रवणयंत्राचा मार्ग खुला झाला. मिलर रीस हचिसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार केलेले 'अकूफोन' आणि त्यानंतरचे 'अकूस्टिकॉन' ही या वाटेवरची पहिली ठळक यंत्रे होत. १९२० च्या दशकात निर्वात नळ्यांची यंत्रे आली. ती प्रभावी असली तरी बॅटरीसह वागवावयास जड होती.

डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. १९५२ च्या अखेरीस सोनोटोन कंपनीने ट्रान्झिस्टर असलेले श्रवणयंत्र विक्रीस आणले. ट्रान्झिस्टरचा व्यापारी उपयोग प्रथम ज्या वस्तूंत झाला, त्यांत श्रवणयंत्राचा समावेश होतो. या प्रसंगातील एक बाब विशेष लक्षणीय आहे. कर्णबधिरांच्या शिक्षणाशी ग्रॅहम बेल यांचे नाते होते. त्याची आठवण म्हणून श्रवणयंत्रांत वापरल्या जाणाऱ्या ट्रान्झिस्टरवरील स्वामित्वशुल्क माफ करण्यात आले. श्रवणयंत्राच्या इतिहासातील हे मोठे दान वस्तूचे नव्हते. ते ज्ञानाच्या वापराचा हक्क देणारे होते.

ट्रान्झिस्टरमुळे यंत्र खिशात मावू लागले. खिशातील डबी, तिथून निघणारी वायर आणि कानात बसणारे बटण असे त्याचे रूप होते. या यंत्राचा आवाज लहान-मोठा करता येई, पट्टीही थोडीफार बदलता येई आणि कानातील टोक बदलले की ते दुसऱ्या व्यक्तीला वापरता येई. भारतातील अनेक घरांत आणि कर्णबधिरांच्या शाळांत दीर्घकाळ दिसणारे छातीवरचे यंत्र ते हेच.

२. ब्रिटन : परत येणारे यंत्र

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने विद्युत-ध्वनिशास्त्राविषयी समिती नेमली. तिच्या शिफारशींनुसार एक प्रमाणित यंत्र आखण्यात आले. परिषदेच्या इंग्रजी नावावरूनच त्याला 'मेडरेस्को' हे नाव मिळाले. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा अस्तित्वात आली आणि हे यंत्र रुग्णांना विनामूल्य मिळू लागले. यंत्राबरोबर दुरुस्ती व बॅटरीही विनामूल्य होती.

या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे, की यंत्र रुग्णाला दिले जाई, परंतु त्याची मालकी सेवेकडेच राही. ते वापरापुरते उसने दिलेले असे. गरज संपली की ते परत करणे अपेक्षित असे. १९७४ पासून कानामागे बसणारी यंत्रे या सेवेतून मिळू लागली आणि २००० ते २००५ या काळात इंग्लंडमध्ये सर्वत्र डिजिटल यंत्रांकडे संक्रमण झाले. यंत्राचे रूप बदलले, तरी उसनवारीचे तत्त्व टिकून राहिले.

येथे जुन्या यंत्राचा पुनर्वापर हा दानशूरतेचा विषय झाला नाही. तो भांडारव्यवस्थापनाचा भाग होता. यंत्र देणारा विभाग, परत घेणारा विभाग आणि ते तपासून पुढे पाठवणारा तंत्रज्ञ हे एकाच व्यवस्थेचे घटक होते. पुढच्या रुग्णाची चाचणी आणि त्याच्या कानाचा साचा यांची जबाबदारीही त्याच व्यवस्थेकडे होती. परतीची वाट आखलेली असल्यामुळे घेणाऱ्यावर उपकाराचे ओझे पडत नसे.

३. अमेरिका : दानपेटीची परंपरा

अमेरिकेत वेगळे घडले. १९६५ च्या कायद्याने वृद्धांसाठी 'मेडिकेअर' ही विमा योजना आली, परंतु श्रवणयंत्र तिच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले. मूळ योजनेत हे वगळणे कायम राहिले. परिणामी श्रवणयंत्राचा खर्च बहुतांशी व्यक्तीवर पडला. ज्यांना तो परवडत नव्हता त्यांच्यासाठी स्वयंसेवी संस्था पुढे आल्या. राज्यसंस्थेने मोकळी सोडलेली जागा दानाने भरली, असे या इतिहासाचे सूत्र सांगता येते.

१९१७ मध्ये स्थापन झालेल्या लायन्स चळवळीपुढे १९२५ मध्ये हेलन केलर यांनी ओहायोतील सीडर पॉइंट येथे भाषण केले आणि अंधांच्या सेवेचे आवाहन केले. जुन्या चष्म्यांचे संकलन हे या चळवळीचे पुढे ओळखीचे कार्य झाले आणि काही क्लबांनी त्याच वाटेने श्रवणयंत्रेही गोळा करण्यास प्रारंभ केला. उद्योगक्षेत्रातही अशी उदाहरणे घडली. विल्यम ऑस्टिन यांनी १९६७ मध्ये मिनेसोटात सर्व कंपन्यांची श्रवणयंत्रे दुरुस्त करणारा व्यवसाय सुरू केला. पुढे स्टार्की या नावाने वाढलेल्या उद्योगातून १९८४ मध्ये सेवाभावी प्रतिष्ठान उभे राहिले आणि जुनी यंत्रे स्वीकारण्याचा उपक्रमही त्याने चालवला. दुरुस्तीच्या टेबलावर आरंभ झालेल्या उद्योगाने पुनर्वापराकडे वळावे, यात एक सुसंगती दिसते.

१९७७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने श्रवणयंत्रांच्या विक्रीबाबत नियम केले. कोणत्याही वापरकर्त्याने कितीही काळ वापरलेले यंत्र 'वापरलेले' मानावे, चाचणीपुरते लावून पाहिलेले यंत्र याला अपवाद असावे आणि वापरलेल्या किंवा पुन्हा बांधलेल्या यंत्रावर तसा स्पष्ट उल्लेख असावा, असे या नियमांत सांगितले होते. घेणाऱ्याला सत्य कळण्याचा अधिकार आहे, हा विचार येथे कायद्याच्या भाषेत आला.

संकलित यंत्रांचे पुढे काय होते, हेही पाहणे आवश्यक आहे. जुने यंत्र दानपेटीतून थेट दुसऱ्याच्या कानावर जावे, हे सहसा शक्य नसते. आधी यंत्रे बनावट व प्रकारानुसार वेगळी केली जातात. कानातील मळ आणि ओलावा काढून ती निर्जंतुक केली जातात. यंत्रातून प्रत्यक्ष किती आवाज बाहेर पडतो, हे मापनपेटीत तपासले जाते. जुना साचा काढून टाकला जातो. दुरुस्तीपलीकडे गेलेल्या यंत्राचे मायक्रोफोन, रिसिव्हर यांसारखे भाग दुसऱ्या यंत्रासाठी राखून ठेवले जातात. त्यामुळे दात्याच्या मनातील 'माझ्या वडिलांचे यंत्र आता दुसरे कोणी वापरत असेल' हे चित्र अनेकदा खरे नसते. त्या यंत्राचा एखादा भागच पुढे जातो. म्हणून त्या दानाचे मूल्य कमी होत नाही, मात्र त्याचे स्वरूप वेगळे असते.

४. यंत्र अचूक झाले, देणे अवघड झाले

खिशातील यंत्राच्या मागून कानामागचे आणि त्यानंतर कानाच्या आत बसणारे यंत्र आले. कानामागच्या यंत्राला साचा लागतो. प्रत्येक व्यक्तीच्या कानाची पोकळी वेगळी असल्याने तिचे माप घेऊन हा साचा घडवावा लागतो. तो सैल असेल तर शिट्टीसारखा आवाज येतो, घट्ट असेल तर कान दुखतो. दोन्ही परिस्थितींत वापरणारा यंत्र काढून ठेवतो. वाढत्या वयाच्या मुलांचे कानही वाढतात, म्हणून त्यांचे साचे वारंवार बदलावे लागतात. कानाच्या आत बसणाऱ्या यंत्रात साचा आणि यंत्र यांची एकच वस्तू झाली. तिचे कवच केवळ एका कानासाठी घडवलेले असल्याने ती जशीच्या तशी दुसऱ्यास देता येत नाही.

१९९६ च्या सुमारास पूर्णतः डिजिटल यंत्रे बाजारात आली. जुन्या यंत्राची जुळवणी बारीक पेचकसाने करता येत असे. डिजिटल यंत्रासाठी संगणक, त्या कंपनीची संगणकप्रणाली आणि बहुधा विशिष्ट वायर किंवा जोडयंत्र लागते. प्रणालीच्या नव्या आवृत्तीत जुनी यंत्रे समाविष्ट असतीलच, असे नाही. यंत्र सुस्थितीत असूनही ते जुळवता न आल्याने निरुपयोगी ठरण्याचा प्रसंग त्यामुळे उद्भवतो.

यातून एक गंभीर बाब पुढे येते. श्रवणयंत्र सर्व आवाज सारख्याच प्रमाणात वाढवत नाही. ज्या पट्टीत ज्याला जितके कमी ऐकू येते, त्या प्रमाणात ते आवाज वाढवते. तीव्र श्रवणदोष असलेल्या आजोबांचे यंत्र सौम्य दोष असलेल्या नातवाच्या कानाला लावले, तर शिल्लक असलेल्या श्रवणशक्तीलाच अपाय होऊ शकतो. सद्हेतूने दिलेली वस्तू अशा रीतीने हानीचे कारण ठरू शकते.

५. बॅटरी : दान आणि दैनंदिन वापर यांतील अंतर

खिशातील यंत्र साध्या पेन्सिल सेलवर चालते आणि तो सेल गावच्या किराणा दुकानातही मिळतो. कानामागच्या यंत्राला बटणाच्या आकाराचा झिंक-एअर सेल लागतो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून या सेलचा प्रसार झाला. वरची पट्टी काढली की हवेच्या संपर्काने तो कार्यरत होतो आणि त्यानंतर यंत्र वापरले नाही तरी हळूहळू क्षीण होत जातो. लहान आकाराचा सेल साधारणतः आठवड्या-दोन आठवड्यांत बदलावा लागतो. तालुक्याच्या गावी तो मिळत नसेल, तर मोफत मिळालेले यंत्रही महिन्याभरात खणात जाते.

या अडचणीवर बोट्स्वानातील ओट्से येथे २००० च्या दशकाच्या आरंभी एक उत्तर शोधण्यात आले. हॉवर्ड वाइनस्टाइन यांच्या पुढाकाराने पुन्हा भारित होणारा सेल आणि त्यासाठी सौरऊर्जेवरचे छोटे भारक तेथे तयार झाले. ते जोडण्याचे काम कर्णबधिर कामगारांनीच केले. यंत्र कोठून आले यापेक्षा ते उद्या कसे चालेल, हा प्रश्न तेथे आधी विचारला गेला.

६. दानाची आचारसंहिता

मराठीत 'धर्माची गाय आणि दात का गं नाय' अशी म्हण आहे. फुकट मिळालेल्या वस्तूत खोट काढू नये, असा तिचा रोख आहे. वैद्यकीय साहित्याच्या दानाबाबत आंतरराष्ट्रीय विचार मात्र नेमक्या उलट दिशेने गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २००० मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या दानासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दानाचा अधिकाधिक लाभ घेणाऱ्याला व्हावा, घेणाऱ्याच्या इच्छेचा व अधिकाराचा आदर राखावा, गुणवत्तेत दुहेरी मापदंड नसावा आणि देणारा व घेणारा यांच्यात योग्य संवाद असावा, ही त्यांची चतुःसूत्री होय. देणाऱ्याच्या देशात जी वस्तू स्वीकारार्ह नाही ती दान म्हणूनही स्वीकारार्ह नाही, हा त्यातील तिसऱ्या सूत्राचा अर्थ आहे. गायीचे दात मोजण्याचा अधिकार येथे घेणाऱ्याला मिळाला.

विकसनशील देशांतील श्रवणयंत्रे व सेवा यांविषयी याच संघटनेने स्वतंत्र मार्गदर्शिका तयार केली. तिची दुसरी आवृत्ती २००४ मध्ये आली. त्या दशकात यंत्रांचे जागतिक उत्पादन गरजेच्या १० टक्क्यांहून कमी असल्याचा आणि विकसनशील देशांत गरजू ४० जणांपैकी एकाकडेही यंत्र नसल्याचा संघटनेचा अंदाज होता. तरीही मार्गदर्शिकेचा भर यंत्रांच्या संख्येबरोबर चाचणी, साचा, जुळवणी, प्रशिक्षित मनुष्यबळ आणि पाठपुरावा यांवर होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

७. भारत आणि महाराष्ट्र : वितरणाची वाट

भारतातील कर्णबधिरांच्या शिक्षणाचा आरंभ १८८० च्या दशकात मुंबईत झाला. श्रवणविषयक सेवेची संस्थात्मक उभारणी मात्र स्वातंत्र्योत्तर काळातील आहे. १९६५ मध्ये म्हैसूर येथे अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था स्थापन झाली. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये अली यावर जंग राष्ट्रीय संस्था उभी राहिली. कानपूर येथील कृत्रिम अवयव निर्माण निगम १९७२ चा. १९८१ मध्ये केंद्र शासनाने अपंगांना साहाय्यक साधने पुरवणारी 'एडिप' योजना सुरू केली. २०१४ च्या सुधारणेने कॉक्लिअर इम्प्लांटसाठी प्रति बालक ६ लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली. १ एप्रिल २०१७ रोजी ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजना आली. तिच्या साधनांत श्रवणयंत्राचा समावेश असून एक वर्षाची मोफत देखभालही आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना जाहीर केली. तीनुसार पात्र ज्येष्ठांना साधने घेण्यासाठी ३,००० रुपये एकरकमी मिळतात आणि या साधनांत श्रवणयंत्रही आहे.

या वाटचालीचे मोल निःसंशय मोठे आहे. तथापि तिची दिशा प्रामुख्याने देण्याची आहे. यंत्र लाभार्थ्याचे होते आणि त्याची गरज संपल्यावर ते कोठे न्यावे, याची वाट ब्रिटनप्रमाणे योजनेतच आखलेली नाही. शिबिरात यंत्र मिळते, छायाचित्र निघते, परंतु साचा सैल झाल्यावर किंवा वायर तुटल्यावर जाण्याचे ठिकाण बहुधा जिल्ह्याच्या गावी किंवा महानगरात असते. रक्कम थेट खात्यात जमा होण्याने निवडीचे स्वातंत्र्य मिळते, मात्र चाचणी व जुळवणी यांची हमी त्यातून आपोआप मिळत नाही. २००६ मध्ये सुरू झालेल्या बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने जिल्हा पातळीवर सेवा नेण्याचा जो विचार मांडला, तो या दृष्टीने अधिक मूलगामी ठरतो.

येथे एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. प्रत्येक कर्णबधिर व्यक्तीची गरज यंत्रानेच भागते, असे नाही. अनेकांची भाषा ही चिन्हभाषा आहे. २०१५ मध्ये भारतीय चिन्हभाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना होऊन या वस्तुस्थितीला संस्थात्मक मान्यता मिळाली. घेणाऱ्याच्या इच्छेचा आदर या सूत्रात यंत्र नाकारण्याचा अधिकारही अंतर्भूत आहे.

८. जे देता येत नाही त्याचे काय ?

निकामी यंत्र व वापरलेले सेल घरच्या कचऱ्यात जाणे योग्य नाही. जुन्या बटण सेलमध्ये पारा असे. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१३ मध्ये स्वीकारला गेला आणि २०१७ मध्ये अमलात आला. भारतात २०२२ च्या ई-कचरा नियमांच्या अनुसूचीत वैद्यकीय उपकरणांचा समावेश झाला आणि हे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. बॅटरी कचऱ्यासाठीही २०२२ मध्ये स्वतंत्र नियम आले. नखाएवढ्या यंत्राचा कचरा वजनाने नगण्य वाटतो. परंतु पुनर्वापर, सुटे भाग आणि शास्त्रीय विल्हेवाट हे तिन्ही टप्पे एकाच संकलन केंद्रात जोडले गेले, तर दात्याला 'हे चालेल का' याची चिंता उरणार नाही आणि निवड तज्ज्ञाच्या हाती राहील.

निष्कर्ष

१. श्रवणयंत्राचा पुनर्वापर दोन मार्गांनी घडला. ब्रिटनमध्ये तो सार्वजनिक उसनवारीतून, तर अमेरिकेत ऐच्छिक दानातून. पहिल्यात घेणारा हक्कदार होता, दुसऱ्यात लाभार्थी.

२. यंत्राची अचूकता वाढत गेली, तसतशी त्याची हस्तांतरणक्षमता घटली. खिशातील यंत्र कोणालाही देता येत होते, कानातील यंत्र कोणालाच जसेच्या तसे देता येत नाही.

३. म्हणून आजच्या दानाचा आशय यंत्र, चाचणी, साचा, जुळवणी, सेल आणि पाठपुरावा अशा साखळीचा आहे. यांतील एक कडी तुटली तरी यंत्र पुन्हा खणात जाते.

४. भारतातील वितरण योजनांना परतीची वाट जोडणे शक्य आहे. जिल्हा रुग्णालयातील श्रवणतज्ज्ञाकडे जुनी यंत्रे जमा होणे, त्यांची तपासणी होणे आणि ती नोंदीसह पुन्हा दिली जाणे ही त्याची सुरुवात ठरू शकेल. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या एककांना संकलन व पाठपुरावा या दोन्ही कामांत वाटा उचलता येईल. यंत्राची जुळवणी मात्र तज्ज्ञाकडेच असावी.

वडिलांचे यंत्र हातात घेऊन ते कोणाला द्यावे असा विचार करणाऱ्या व्यक्तीची भावना मोलाची आहे. तिला 'कोणाला द्यावे' या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी समाजाने 'ते कोण बसवील आणि सहा महिन्यांनी कोण पाहील' या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवले पाहिजे. श्रवणयंत्राच्या दोनशे वर्षांच्या वाटचालीतून मिळणारा हा धडा आहे.